आठ बाय दहा

राग आला की कुणी ताटावरून उठतं, कुणी दार आपटतं, कुणी आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसतं. आत्यानं फोटो छापायचा प्रिंटर विकत घेतला.

आत्या म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाली आत्या. तिच्या धाकट्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, मग शेजारचे म्हणायला लागले, मग गाडी शिकायला येणारेही, आणि शेवटी स्कूलच्या पाटीवरसुद्धा तेच नाव चढलं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी सडपातळ, केस कानापाशी कापलेले, आणि आवाज असा की गाडीच्या काचा वर असल्या तरी पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस जागच्या जागी थांबावा. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर तुम्ही का केलंत असं ती उलट विचारायची. तापट म्हणून तिची ख्याती होती. ती चिडली की घरातले एकमेकांकडे बघून भुवया उडवायचे आणि दूध उतू जाऊन खाली बसावं तसा तिचा राग खाली बसायची वाट बघायचे.

भाऊ तिच्याहून सात वर्षांनी लहान. एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात होता आणि घरीही तोच विभाग चालवायचा. कुठली वस्तू कुठल्या कंपनीची घ्यावी, तिचं मॉडेल कोणतं, तिच्यापेक्षा बरी कोणती, हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. त्यानं नवा फ्लॅट घेतला आणि दारातून आत गेलं की लागणारी लांबलचक बोळकंडी फोटोंनी भरायची ठरवली. सगळे फोटो घरीच छापलेले, सगळ्या फ्रेमा काळ्या आणि एका मापाच्या, आठ इंच बाय दहा इंच. आई गेल्यापासून जुन्या फोटोंचा आणि निगेटिव्हचा खोका आत्याच्याच माळ्यावर होता. तिनंच तो उतरवून, धूळ झटकून त्याच्याकडे पोचवला होता.

नवं घर बघायला म्हणून त्यानं नातेवाइकांना आणि ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावलं, तेव्हा आत्या शेवटचा क्लास संपवून जरा उशिराच पोचली. भाऊ बोळकंडीत उभा राहून पाहुण्यांना कागदाबद्दल सांगत होता. साधा कागद शाई पितो, हा पीत नाही. वरचा थर बघा, आरशासारखा चकाकतो. आणि सॉफ्टवेअर तर असं की आपण फक्त समोर बसायचं, बाकी सगळं तेच करतं. पाहुणे माना डोलावत होते. आत्या कौतुकानंच पुढे झाली.

पहिला फोटो त्यांच्या पहिल्या गाडीचा होता. गाडीला टेकून भाऊ, शेजारी आई, आणि आईच्या खांद्यावर एक हात. हाताला माणूस नव्हतं. मनगटावरच्या घड्याळाशी फ्रेम संपत होती. आत्यानं ते घड्याळ ओळखलं. तिचंच होतं.

तिला आधी हसू आलं. मग ती दुसऱ्या फोटोकडे गेली. घरात पहिला फ्रीज आला त्या दिवशीचा. फ्रीज होता, आई होती, भाऊ होता, आणि कडेला एक कोपर. तिसरा भाचीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा. दोन वेण्या घातलेली, रडून डोळे सुजलेली पोर शाळेच्या पाटीशेजारी उभी, आणि तिनं मुठीत घट्ट धरलेली दोन बोटं. बोटं कुठून आली ते फोटोत नव्हतं. त्या सकाळी भाऊ आणि भावजय दोघं कामावर गेले होते, आणि शाळेच्या फाटकात अर्धा तास ती मूठ सोडवत कोण उभं होतं, ते आत्याला माहीत होतं.

तिनं सगळी भिंत पाहिली. जिथे जिथे ती असायला हवी होती, तिथे तिथे कोपर होतं, पदर होता, चपलेचं टोक होतं. एका ठिकाणी तेही नव्हतं.

असं का, हे कळायला तिला वेळ लागला नाही. ती नेहमी कडेलाच असायची, कारण कॅमेरा तिचा होता. सगळ्यांना ओळीत उभं करायचं, कुणाची कॉलर नीट करायची, टायमर दाबायचा आणि पळत येऊन उरलेल्या जागेत उभं राहायचं. उरलेली जागा टोकालाच असते.

तिनं भावाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की मी कुठे आहे. त्यानं फोटोंकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. जुने फोटो लांबट असतात, फ्रेम आखूड, सॉफ्टवेअर आपोआप जास्तीचं कापतं, म्हणाला. मशीनला काय कळतंय कोण कोण आहे ते. भावजय सरबताचे पेले घेऊन चालली होती, तिनं जाता जाता ऐकलं आणि ती हसत म्हणाली की ताई, आता मशीनवर तरी रागावू नका.

पाहुण्यांपैकी दोघं हसले. आत्या जेवली, हात धुतले आणि निघाली. गाडीत बसल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जास्तीचं. सॉफ्टवेअर जास्तीचं कापतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं भाचीला फोन करून स्कॅन केलेले मूळ फोटो पाठवायला सांगितले आणि बाबानं कुठलं सॉफ्टवेअर वापरलं तेही विचारून घेतलं. मग ती प्रिंटर घेऊन आली.

प्रिंटर घेतला म्हणजे फोटो छापता येतात असं नाही, हे तिला पहिल्या दुपारीच कळलं. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या साध्या कागदावर आईचा चेहरा ओल्या भिंतीसारखा फुगून आला. मग ती कॅमेऱ्याच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदार जाड भिंगाचा चष्मा लावलेला, सावकाश बोलणारा माणूस होता, आणि आत्या जितकी तडकायची तितका तो आणखी सावकाश बोलायचा. त्यानं काउंटरवर तीन कागद ठेवले. हा ग्लॉसी, म्हणजे चकचकीत. रंग उठून दिसतात, पण समोर दिवा असला की फोटोऐवजी दिवाच बघावा लागतो. हा मॅट; चमकत नाही, जुन्या फोटोंचे ओरखडे पोटात घालतो, पण काळा रंग थोडा फिका पडतो. हा मधला, सॅटिन. काचेमागे लावणार की हातात धरणार, असं त्यानं विचारलं. आत्या म्हणाली की टेबलावर आपटणार. त्यानं क्षणभर विचार करून मॅट दिला, जाड बघून, आणि प्रिंटरला कागदाची जात सांगायला विसरू नका म्हणून दोनदा बजावलं.

ती विसरलीच. पहिला चांगला कागद तिनं उलटा घातला. शाई वरच थेंब थेंब होऊन बसली आणि बोट लावताच आईच्या साडीचा रंग फ्रीजवर गेला. दुसऱ्या वेळी बाजू बरोबर होती, पण जात साधी राहिली, त्यामुळे सगळे आजारी माणसांसारखे पिवळट आले. प्रिंटरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर तर तिला न विचारता चेहरे उजळ करायचं. आईच्या गालावरचा काळसर डाग त्यानं पुसून टाकला, तेव्हा आत्या एकटीच खोलीत ओरडली की तुला कुणी सांगितलं होतं? तिनं ते काढून टाकलं आणि भावानं वापरलेलं उतरवून घेतलं.

ते खरोखर सोपं होतं, भाऊ खोटं बोलला नव्हता. फोटो उघडला, कागदाचं माप निवडलं की फोटोवर एक चौकट यायची. चौकटीच्या आतलं छापलं जाणार, बाहेरचं करडं दिसायचं. आत्यानं गाडीचा फोटो उघडला, आठ बाय दहा निवडलं आणि बघत राहिली.

चौकट मधोमध आली होती. डावीकडून इंचभर गेलं, उजवीकडून इंचभर गेलं. डावीकडे तिचा एक खांदा करडा झाला होता, उजवीकडे गाडीचा पुढचा दिवा. पण अर्धा चेहरा होता, हसणं होतं, ती होती. सॉफ्टवेअरनं दोघींना, म्हणजे तिला आणि गाडीला, सारखंच कापलं होतं.

भावाच्या भिंतीवर गाडी अख्खी होती.

तिनं चौकटीवर बोट ठेवून उजवीकडे ओढलं. चौकट लोण्यासारखी सरकली. गाडीचा दिवा उजळला, आणि डावीकडे तिचा चेहरा, मान, खांदा सगळं करडं होऊन फक्त आईच्या खांद्यावरचा हात राहिला. थेट भिंतीवरच्यासारखा. खाली आणखी एक बटण होतं: पूर्ण फोटो. ते दाबलं की वर-खाली पांढरी पट्टी सुटायची आणि कुणीच कापलं जायचं नाही.

आत्यानं एकेक फोटो उघडला. शाळेच्या दिवशी चौकट पाटीकडे सरकली होती. फ्रीजच्या दिवशी फ्रीजकडे. प्रत्येक वेळी कुणीतरी बघितलं होतं, दोन टोकांना काय काय आहे ते पाहिलं होतं, आणि बोटानं ओढलं होतं. ती गाडीपुढे हरली होती, पाटीपुढे हरली होती, एका फ्रीजपुढे हरली होती. आणि तो फ्रीज वर्षभरात बिघडल्यावर रोज सकाळी मागचं पाणी काढायलाही तीच होती.

आईच्या निवृत्तीच्या दिवसाचा फोटो तिनं सगळ्यात शेवटी उघडला. आई टेलिफोन ऑपरेटर होती. मधोमध ती, तिच्या दोन्ही बाजूंना तिच्याबरोबरच्या बायका, डाव्या टोकाला आत्या आणि उजव्या टोकाला फुलांचा गुच्छ घेतलेला भाऊ. भिंतीवर या फोटोत आत्याचं कोपरसुद्धा नव्हतं. इथे फ्रीज नव्हता, गाडी नव्हती. इथे त्यानं स्वतःला ठेवलं होतं.

मग तिनं चौकट धरून डावीकडे ओढली. भाऊ करडा झाला. किती सहज झालं हे तिला कळलं, पण हात थांबला नाही. मॅट कागद, बाजू सुलट, जात बरोबर. फोटो सुरेख आला.

रविवारी सकाळी ती भावाकडे गेली. बेल वाजवली, चहा नको म्हणाली आणि जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची फाइल ठेवून त्यातला वरचा कागद काढला. भावानं तो हातात घेतला. आधी त्यानं कागदावरून अंगठा फिरवला, मॅट घेतलास वाटतं म्हणाला, रंग छान आलेत म्हणाला. मग तो थांबला.

"यात मी नाहीये," तो म्हणाला.

"सॉफ्टवेअरनं कापलं," आत्या म्हणाली.

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हे मुद्दाम केलंय, असं तो म्हणाला. आईचा त्या दिवसाचा हा एकच फोटो आहे आणि त्यातून मला काढायचं म्हणजे काय. आत्यानं बाकीचे फोटो काढून टेबलावर मांडले, मोठ्या कागदावर, पूर्ण, पांढऱ्या कडांसकट: गाडी आणि ती, पाटी आणि ती, फ्रीज आणि ती. भाची आवाज ऐकून खोलीतून आली होती. शाळेचा फोटो तिनं उचलला आणि खाली ठेवला नाही.

आत्यानं मग चौकट कशी मधोमध येते ते सांगितलं. दोन्हीकडून सारखंच कापलं जातं, एकाच बाजूनं हवं असेल तर बोटानं ओढावं लागतं. ती ओरडत नव्हती, आणि त्यामुळेच घरातले घाबरले होते. भाऊ म्हणाला की एवढ्याशा गोष्टीवरून एवढं करायचं कारण नव्हतं. गाडी अर्धी आली असती तर विचित्र दिसलं असतं, म्हणाला. पाटीशिवाय शाळा कुठली ते कळलं नसतं.

"आणि माझ्याशिवाय काय कळलं नसतं?"

भावजय मधे पडली. तिचा हेतू चांगला होता, नेहमीच असायचा. "ताई, आमच्या मनात काही नव्हतं हो. तुम्ही घरच्याच. तुम्ही समजून घ्याल असं वाटलं."

"म्हणजे तुम्ही बोललात याबद्दल," आत्या म्हणाली. "एकमेकांशी बोललात, मग कापलंत. घरची म्हणून कापायची? परका कुणी टोकाला असता तर सांभाळून घेतला असता. मला कापलं तर चालतं, कारण मी उद्या पुन्हा येणारच, जशी तुमच्या पोरीला शाळेत सोडायला येत होते. त्या गाडीला टेकून उभा आहेस ना तू, ती तुला तेव्हा चालवताही येत नव्हती. आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात कोण न्यायचं त्या गाडीतून? गाडी अख्खी ठेवलीस. चालवणारी काढलीस."

भाऊ खाली बघत होता. नंतर जे तो बोलला ते त्याच्या तोंडून निसटलंच. "खरं सांगू ताई? मला तू दिसलीच नाहीस. मी गाडी बघत होतो."

आत्यानं त्याला कापलेला फोटो त्याच्या हातातून घेतला आणि फाइलमध्ये ठेवला.

"शिकायला येणारं प्रत्येक पोर मला हेच सांगतं," आत्या म्हणाली. "सायकलवाल्याला घासून गेल्यावर. दिसलाच नाही, म्हणतं. मी त्याला खाली उतरवते."

ती बोळकंडीत गेली, निवृत्तीच्या फोटोची फ्रेम खिळ्यावरून काढली आणि मागचा पुठ्ठा उघडला. कापलेला फोटो बाहेर काढून तिथे आपण फाइलमधून आणलेला त्याच दिवसाचा मोठा, पूर्ण फोटो बसवायला गेली. बसेना. भाऊ मागून आला आणि नरम आवाजात म्हणाला की फ्रेमा सगळ्या एकाच मापाच्या आहेत, तो बसणार नाही.

"मग फ्रेम बदल."

"एकच वेगळी दिसेल गं भिंतीवर."

"दिसू दे," आत्या म्हणाली. रिकामी फ्रेम तिनं त्याच्या हातात दिली, फाइल उचलली आणि चपला घालून निघून गेली.

त्यानंतर तिनं त्या घराची पायरी चढली नाही. भावानं फोन केले, तिनं ते क्लास चालू आहे म्हणून कापले, क्लास नसतानाही. कुणा कुणा नातेवाइकांनी मध्यस्थी करून पाहिली. फोटोवरून कुणी रक्ताचं नातं तोडतं का, असं एक मावशी म्हणाली. आत्यानं तिला विचारलं की तुमच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे ना, आणि मावशीनं विषय बदलला. एवढं सगळं करून तिला बरं वाटत होतं असंही नाही. भावाला कापलेला तो फोटो तिच्या कपाटावर पडला होता. फाडावा असं तिला रोज वाटायचं आणि रोज ती तो तसाच ठेवायची. संध्याकाळी आल्यावर उरलेले जुने फोटो छापत बसायची. हात बसला होता. कुठल्या फोटोला मॅट, कुठल्याला सॅटिन, हे आता बघताक्षणी कळायचं. पण छापलेले फोटो दाखवायला जवळ कुणी नसायचं. मग ती ते खोक्यात घालायची आणि खोक्यावरच चिडायची.

भाची मात्र येत राहिली. एकदा तिनं कबूल केलं की बाबा फोटो करत होते तेव्हा ती शेजारीच बसली होती. शाळेच्या फोटोत चौकट सरकताना तिनं पाहिलं होतं आणि एका मैत्रिणीशी फोनवर बोलत असल्यामुळे काही म्हटलं नव्हतं. आत्यानं तिला त्या दिवशी घराबाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात पोर पुन्हा दारात उभी राहिली, तेव्हा आत घेतलं. राग तिच्यावरही होता, पण तिनं येऊन सांगितलं होतं, आणि विचारायच्या आधी सांगितलं होतं.

थंडी सरत आली तेव्हा भावजयीनं फोन केला. काही बोलायचं नाही, फक्त येऊन बघून जा, म्हणाली. आत्या दोन रविवार गेली नाही. तिसऱ्या रविवारी गेली.

दार भावानं उघडलं आणि तो बाजूला झाला. बोळकंडीतल्या फ्रेमा त्याच होत्या, पण आतले सगळे फोटो नव्यानं छापले होते, पूर्ण, वर-खाली पांढऱ्या पट्ट्या सोडून. चेहरे लहान झाले होते. लांबून भिंत पूर्वीइतकी रुबाबदार दिसत नव्हती, आणि ते भावाला बोचत होतं हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. आत्या पहिल्या फ्रेमपाशी थांबली. मग दुसऱ्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज आले, भावजयीनं दोनदा डोकावून पाहिलं, पण आत्यानं घाई केली नाही. तिनं प्रत्येक फोटोत स्वतःला शोधलं. कडेला, धावत येऊन उभी राहिलेली, केस विस्कटलेले, एका फोटोत तर डोळे मिटलेले. निवृत्तीच्या फोटोत दोन्ही टोकांना दोघं भावंडं होती आणि दोघंही आईकडे बघत होती, कॅमेऱ्याकडे नाही. हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

भाऊ मागे उभा होता. तिला कळत होतं की तो काहीतरी ऐकायची वाट बघतोय.

"आई गोरी झालीय," ती म्हणाली. "चेहरे उजळायचं ऑटो चालू राहिलंय तुझं. गालावरचा डाग गेला."

त्यानं फोटोजवळ जाऊन पाहिलं. खरंच, म्हणाला. पुन्हा छापतो, म्हणाला.

"आणि हा ग्लॉसी काढ. या दिव्याखाली मला निम्मे फोटो दिसतच नाहीत. मॅट घे. मी सांगते तो घे, तुझ्या मनानं घेऊ नकोस."

तो मुकाट्यानं मान हलवत राहिला. खरेदी विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला कागदाबद्दल इतकं निमूट ऐकून घेताना भावजयीनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिचा धीर जरा वाढला. पानं मांडली आहेत म्हणून सांगायला ती आली होती, ती तिथेच थांबली.

"ताई, आता तरी राग गेला ना?"

आत्यानं भिंतीकडे पाहिलं, मग भावाकडे. तो थकल्यासारखा दिसत होता. इतक्या फ्रेमा उघडून पुन्हा बंद करताना त्याच्या एका बोटाला चिरही पडली होती.

"नाही गेला," ती म्हणाली. "आणि जा म्हणून सांगूही नका. त्याचा तो जाईल. भूक लागलीय मला, वाढ."